हळूताईसाठी प्रार्थना

फ्रीजवरचा फोन थरथरत, सरकत सरकत साखरेच्या बरणीला जाऊन टेकला आणि बरणी टिर्रर्र वाजू लागली. घरात त्याआधी जी शांतता होती ती साधीसुधी नव्हती. टिंबूची पाठ थोपटून थोपटून आईचा तळहात बधिर झाला, तेव्हा कुठे ती कमावलेली होती. आई एकेक अवयव सुटा उचलावा तशी अंथरुणावरून उठली, चवड्यांवर स्वयंपाकघरात पोचली, आणि मागून टक्क जाग्या आवाजात टिंबूने विचारलं, "कोण आहे?"

कोण असणार? साखळीवाल्या मावशी.

साखळी म्हणजे चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थना-साखळी. कुणी आजारी पडलं, कुणाचं काही अडलं, की मावशींना कळवायचं. मावशी पुढचीला फोन करत, पुढची तिच्या पुढचीला. दिवस मावळायच्या आत सगळं चर्च त्या माणसासाठी प्रार्थना करत असे, आणि त्या माणसाच्या पोटाचं नेमकं काय बिघडलंय हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक झालेलं असे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चहाड्या करणं पाप होतं. प्रार्थना करायला कुणाची ना असणार?

"अगं, तुझ्यासाठी एक मुलगी ठेवलीय," मावशी म्हणाल्या.

"माझ्यासाठी?"

"मैत्री सेवेत! परदेशातून शिकायला आलेली मुलं गं. दुसऱ्या धर्माची, एकटी. एकेका घराने एकेकाशी मैत्री करायची असं ठरलंय ना? सगळ्यांचे विद्यार्थी वाटून झाले. एक उरली. कुणी घेतली नाही कारण बोलतच नाही म्हणे."

उरलेली भाजी पिशवीत कोंबावी तशी ती मुलगी टिंबूच्या आईच्या पदरात पडली. नाही म्हणायला तिच्याकडे कारणं पुष्कळ होती. घर दोन खोल्यांचं होतं, टिंबूचा खोकला गेलेला नव्हता, आणि गेले कित्येक दिवस ती स्वतःच कुणाशी धड बोललेली नव्हती. पण शेवटचं कारण मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "बरं."

मैत्री कशी करावी याचं शिक्षण चर्चच्या मागच्या खोलीत हेडमास्तरांनी दिलं. हेडमास्तर निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण समोर माणसं बसलेली दिसली की त्यांचा हात आपोआप खडूकडे जाई. त्यांनी फळ्यावर जिना काढला. पहिली पायरी, भोजन. दुसरी, कुटुंबाची आपुलकीने विचारपूस. तिसरी, त्यांच्या मनावरचं ओझं ऐकणे. चौथी, ते ओझं प्रार्थनेत आणणे. पाचवी प्रभूच्या हातात.

"घाई करायची नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी पवित्र पुस्तक हातात द्यायचं नाही. मैत्री खरी पाहिजे."

"खरी झाली हे ओळखायचं कसं?" मागून कुणीतरी विचारलं.

"न बोलावता परत येतात," हेडमास्तर म्हणाले आणि हाताचा खडू झटकला.

घरी परिषद भरली. सासूबाईंना एकच काळजी. "ती खाते काय? विचारलंस का? आणि तिच्या तोंडावर विचारू नकोस, वाईट दिसतं." मग न विचारता कळणार कसं, हे सासूबाईंचं खातं नव्हतं. समोरच्या घरातल्या वहिनींचा चर्चशी काहीच संबंध नव्हता, म्हणून त्यांचे सल्ले जास्त मोकळे असत. "पाहुणी आणताय का भाडेकरू? कारण पाहुणी जाते," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "आणि हे बघा, शिकणाऱ्या मुलींना उपमा-उपदेश काही नको असतं. गरम पाणी द्या. वसतिगृहात गरम पाणी नसतं." टिंबूचे बाबा चष्म्याच्या दुकानात कामाला होते. ते एवढंच म्हणाले, "मी काय बोलायचं तिच्याशी?"

"काहीही बोला."

त्यांनी काहीही बोलणं शब्दशः घेतलं. ती मुलगी पहिल्यांदा आली, डोक्याचा रुमाल नीट करत खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, आणि घरात अशी शांतता पसरली की नळाचा थेंब ऐकू यावा. तेव्हा बाबांनी घसा खाकरून विचारलं, "तुमचा नंबर काय?"

मुलगी दचकली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"चष्म्याचा," बाबा घाईघाईने म्हणाले, आणि मग त्यांना थांबता येईना. त्यांनी तिला भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे उजव्या डोळ्याने, मग डाव्या डोळ्याने वाचायला लावले. भोजन आणि विचारपूस यांच्या मधे हेडमास्तरांनी डोळे तपासण्याची पायरी काढलेली नव्हती. पण मुलगी पहिल्यांदा हसली ती तेव्हाच.

जेवणाच्या आधी घरातल्यांनी हात जोडून डोळे मिटले. मुलीने आपले दोन्ही तळवे समोर उघडे धरले, ओठ हलवले, आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. टिंबूने एक डोळा किलकिला ठेवून हे सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून टिंबू तळवे उघडे धरू लागली. सासूबाई म्हणाल्या, "हे काय?" टिंबू म्हणाली, "असं धरलं की देवाला त्यात काहीतरी ठेवता येतं. तुमचे हात बंद असतात." यावर चर्चच्या पाळकसाहेबांना विचारावं की काय असा विचार सासूबाईंनी केला आणि मग, घरातली गोष्ट घरातच बरी म्हणून, सोडून दिला. त्या घरात हे शहाणपण एकट्या त्यांनाच सुचलं, आणि तेही फक्त तेवढ्यापुरतं.

मुलगी इतकी सावकाश बोलायची, प्रत्येक शब्द आधी पुसून मग मांडल्यासारखा, की टिंबूने तिचं नाव ठेवलं हळूताई. हळूताई पाण्याच्या नळांचं, कालव्यांचं इंजिनीयरिंग शिकत होती. न्हाणीघरातलं पाणी जातं कुठे, हा टिंबूचा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी आजवर "खाली" एवढ्या उत्तरावर भागवला होता. हळूताईने सरबताच्या नळ्या एकात एक खोचून, टेबलापासून बादलीपर्यंत, पाणी कुठे जातं ते दाखवलं. फरशी सगळी ओली झाली. सासूबाई घसरता घसरता वाचल्या. टिंबूने मात्र त्या दिवसापासून हळूताईचा शब्द अंतिम मानला.

आणि ती न बोलावता परत आली. एकदा, मग पुन्हा. दुपारी यायची, टिंबूची आई कपड्यांच्या घड्या करत असायची, ती दुसरं टोक धरायची. वहिनींचा सल्ला मानून आईने पहिल्याच आठवड्यात तिला गरम पाण्याची बादली काढून दिली होती. ती न्हाणीघरातून इतक्या वेळाने आणि असा चेहरा करून बाहेर आली की आईला स्वतःच्या गरम पाण्याची लाज वाटली. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. एका दुपारी हळूताईने विचारलं, "आज तू काय केलंस?" टिंबूची आई चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिली. घरात तिला रोज सगळे विचारत, टिंबूने काय खाल्लं, टिंबू किती झोपली, टिंबूचा खोकला कसा आहे. तिने स्वतः काय केलं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती म्हणाली, "काही नाही." आणि मग बराच वेळ बोलत राहिली.

मावशींचा फोन येई. "कितव्या पायरीवर?"

"पायरी नाही हो मावशी. येते, बसते."

"बसू दे, बसू दे. पण ओझं विचारून ठेव."

ओझं न विचारताच आलं. ओली चादर दोघी दोन टोकांना धरून पिळत होत्या. हळूताई चादरीकडे बघत म्हणाली, "मी वर्गात जात नाही."

"आज सुट्टी?"

"थंडी सुरू झाल्यापासून." चादरीतून पाणी गळत होतं. "सकाळी उठते, मोजे घालते, आणि मग मोजे बघत बसते. काही आजार नाही. फक्त दाराबाहेर जाता येत नाही. इथे येता येतं. का, ते माहीत नाही."

तिच्या एका प्राध्यापकबाईंना हे कळलं होतं. त्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, की राहिलेल्या परीक्षा सुट्टीनंतर घेते, तोवर सावर, मी आत्ता वर काही कळवत नाही. हळूताई थोडी थोडी सावरतही होती. गेल्या आठवड्यात ती वर्गाच्या दारापर्यंत जाऊन आली होती. घरी काहीच ठाऊक नव्हतं. तिचे वडील गल्लीत प्रत्येकाला सांगत, की माझी मुलगी पाणी आणायला शिकतेय.

"कुणाला सांगू नकोस," हळूताई म्हणाली.

"नाही सांगणार," टिंबूची आई म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.

आता इथे थोडं थांबून तिची बाजू पाहिली पाहिजे, कारण पुढे ती पाहायला कुणाला सवड होणार नाही. त्या दिवशी ती भांडी घासताना प्रार्थना करत होती, भाजी चिरताना करत होती. आपल्या एकटीच्या प्रार्थनेचा आवाज तिला अगदी बारीक वाटला. टिंबू आजारी असताना साखळीने प्रार्थना केली होती आणि टिंबू बरी झाली होती. मग ही मुलगी काय परकी? कुणाला सांगायचं नाही हे खरं, पण प्रार्थनेसाठी सांगणं म्हणजे सांगणं थोडंच? सगळी मंडळी लहानपणापासून असंच मानत आली होती. तिनेही मानलं. तिने मावशींना फोन केला आणि अगदी जपून म्हणाली, "एका विद्यार्थिनीसाठी. अभ्यासाची अडचण आहे."

"हळूताईसाठी," मावशी म्हणाल्या.

"मी नाव घेतलं नाही!"

"अगं, तुझ्याकडे दुसरी आहे कुठे? बरं, अडचण म्हणजे नेमकी कसली? प्रार्थना मोघम करून कसं चालेल? डॉक्टरकडे जाऊन कुठेतरी दुखतंय म्हणतो का आपण?"

आणि टिंबूच्या आईने नेमकं सांगितलं.

साखळी दुपारी निघाली तेव्हा हळूताई वर्गात जात नव्हती. चार फोन पुढे गेली तेव्हा ती अंथरुणातून उठत नव्हती. बाजारापलीकडच्या काकूंकडे पोचेपर्यंत तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण काकूंच्या अनुभवात मुली दुसऱ्या कशाने अंथरूण धरत नसत. खोटं कुणीच बोललं नाही. प्रत्येकीने फक्त आपली काळजी त्यात घातली. दुसऱ्या दिवसापासून वसतिगृहाच्या दारात सूप येऊ लागलं. बटाट्याचं सूप, कोबीचं सूप, आणि एकीने तर घोंगडीएवढी शाल आणून पहारेकऱ्याच्या हाती दिली, "आजारी मुलीसाठी." पहारेकऱ्याने विचारलं, "कोणती आजारी?" तर तिने तेही नेमकं सांगितलं.

टिंबूच्या आईला हे समोरच्या वहिनींकडून कळलं. त्यांची भाची त्याच वसतिगृहात होती. "तुमची ती मुलगी फार आजारी आहे म्हणे?" वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही इथे निवांत वाटाणे सोलताय?"

वाटाणे सांडले. टिंबूच्या आईने फोन उचलला. साखळी थांबवायची कशी, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. साखळी पुढे जाते, मागे येत नाही. मावशींना तिने विनवलं तर मावशी म्हणाल्या, "प्रार्थना थांबवा? असं कुणी म्हणतं का? प्रार्थना थांबते ती फक्त ऐकली गेल्यावर."

मग टिंबूची आई जन्मात म्हणाली नव्हती असं काहीतरी म्हणून गेली. "ऐकली गेली मावशी. ती जाते वर्गात. कालपासून. अगदी बरी आहे."

पलीकडे मावशींनी टाळी वाजवल्याचा आवाज आला. "देवाला स्तोत्र असो! अगं, मग साक्ष द्यायला हवी! रविवारी!"

सूप थांबलं, हे खरं. पण मंडळीत ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेची सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिल्याशिवाय कुणाची सुटका नसे, आणि साक्षींचं खातं हेडमास्तरांकडे होतं. पूर्वी एकदा बरा झालेला एक गुडघा साक्षीनंतर जिन्यातच परत दुखू लागला होता. तेव्हापासून हेडमास्तर साक्ष आधी स्वतः पडताळून घेत. ते इस्त्रीचा शर्ट घालून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात गेले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "आमची एक मुलगी थंडीपासून वर्गात येत नव्हती, आता नियमित येतेय. तेवढी खात्री करून द्याल का? आनंदाची बाब आहे."

हे टिंबूच्या आईला रविवारी कळलं. तिने हळूताईला त्या दिवशी येऊ नकोस असा निरोप दिला होता. पण मैत्री सेवेचं जेवण होतं, आणि मावशींनी स्वतः वसतिगृहात जाऊन तिला हाताला धरून आणलं होतं. लांब टेबलं मांडलेली, भात, अंडी, केक, प्रत्येक घराजवळ आपापला विद्यार्थी. हळूताई टिंबूच्या शेजारी बसली. तिने टिंबूच्या आईला हळूच विचारलं, "इतकी सगळी माझ्याकडे बघून का हसतात?" आईने तिच्या ताटात भात वाढला. ताटाबाहेर सांडेपर्यंत वाढत राहिली.

हेडमास्तर प्रार्थनेला उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे दयाळू पित्या," हेडमास्तर वर्ग ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "आज साक्ष द्यायची होती, पण तू आम्हाला धीराची परीक्षा दिलीस. आमची ही परदेशी बहीण, जी थंडीपासून वर्गात गेली नाही, जिच्या पित्याला हे ठाऊक नाही, तिच्याविषयी आम्ही कार्यालयात चौकशी केली. ती अजूनही जात नाही असं समजलं. त्या कार्यालयातल्या सेवकांनी तिची बाब आता वर नेली आहे, त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो..."

मिटलेल्या डोळ्यांच्या त्या खोलीत उघडे डोळे फक्त तिघींचे होते. टिंबूचे, कारण ती केक बघत होती. हळूताईचे. आणि टिंबूच्या आईचे, आणि ते हळूताईच्या डोळ्यांत अडकले होते. लांब टेबलावर हळूताईच्या गावाकडची दोन मुलं बसली होती. त्यांनीही आता डोळे उघडले. हळूताई उठली, खुर्ची आवाज न करता आत सरकवली, आणि 'आमेन' म्हणायच्या आत दाराबाहेर गेली.

सोमवारी टिंबूची आई टिंबूला कडेवर घेऊन त्याच खिडकीसमोर उभी राहिली. खिडकीतला कारकून सभ्य माणूस होता. कुंडीतल्या झाडाची पानं ओल्या फडक्याने पुसत होता.

"तुम्ही तिच्या कोण?"

"मैत्रीण."

"पालक, पती किंवा सख्खं भावंड," तो म्हणाला. "मैत्रीण हे नातं आमच्यात बसत नाही."

"पण परवा आलेले ते गृहस्थ? तेही कुणी नव्हते!"

"त्यांनी माहिती दिली, बाई. माहिती कुणीही देऊ शकतं. तुम्ही ती परत मागताय."

"त्यांना चुकीचं कळलं होतं. म्हणजे मीच चुकीचं सांगितलं होतं. तिच्या प्राध्यापकबाई बघताहेत सगळं, सुट्टीनंतर परीक्षा आहे तिची..."

कारकुनाचा फडका थांबला. "प्राध्यापकबाईंना ठाऊक होतं?" त्याने विचारलं. "आणि त्यांनी कळवलं नाही?"

टिंबूची आई तोंडावर हात ठेवून तिथेच उभी राहिली. टिंबूने कडेवरून तो हात ओढून काढायचा प्रयत्न केला.

"हे मी ऐकलं नाही असं समजतो," कारकून जरा वेळाने हळू आवाजात म्हणाला. "मुलीसाठी मात्र आता काही करता येणार नाही. बाई, कुणी विचारेपर्यंत आमच्यापुढे प्रश्नच नव्हता. विचारल्यावर उत्तर द्यावं लागतं. हजेरी नाही तर देशात राहण्याची परवानगी नाही. वडिलांना कळवलंय."

पाळकसाहेब घरी येऊन गेले. ते चांगले होते, म्हणून फार बोलले नाहीत. हेडमास्तर आले नाहीत. त्यांनी निरोप पाठवला, की हेतू शुद्ध होता, आणि काही झालं तरी सत्य बाहेर आलं. मावशी फोनवर रडल्या, खरोखरच रडल्या. टिंबूच्या आईला त्यांच्यावर रागावायचं होतं. पण रागावायला निघालं की ती प्रत्येक वेळी स्वतःच्याच स्वयंपाकघरात, स्वतःच्याच फोनपाशी येऊन पोचे.

मग एका दुपारी दारावर टकटक झाली. हळूताई दारात उभी होती, दोन्ही हातांत छातीपासून हनुवटीपर्यंत पातेल्यांचा मनोरा. सगळ्या सूपांची पातेली. घासून, पुसून, एकात एक.

"कुणाचं कोणतं ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असेल."

तुम्हाला. टिंबूच्या आईने मनोरा हातात घेतला. वरचं झाकण खणखणलं.

"आत ये ना. पाणी तापवते."

"गाडी आहे माझी." ती आत आली नाही, पण लगेच गेलीही नाही. "वडील ओरडले नाहीत. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ये. एवढंच. गल्लीत आता ते कुणाशी बोलत नाहीत म्हणे."

"मी फक्त... मी प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं गं."

हळूताईने मान हलवली. शब्द शोधायला तिला नेहमीसारखा वेळ लागला. "देवाला सांगितलं असतं तर चाललं असतं," ती म्हणाली. "तो कुणाला सांगत नाही."

सासूबाई आतून बाहेर आल्या, मुलीच्या हातात रुमालात बांधलेली उकडलेली अंडी ठेवली आणि परत आत गेल्या. टिंबू झोपली होती. हळूताईने दारातूनच तिच्याकडे पाहिलं, तिला उठवू नका म्हणाली, आणि जिना उतरून गेली. हळू.

संध्याकाळी बाबांनी दुकानातून येताना एक छोटी डबी आणली. त्यात चष्मा होता. कॅलेंडरच्या आकड्यांवरून त्यांनी काढलेला नंबर. "डाव्या डोळ्याला थोडा होता," ते म्हणाले. "कुणी सांगितलं नसणार तिला." मग ओट्यावरची पातेली बघून त्यांनी डबी कपाटात वर ठेवली.

जेवायच्या आधी फ्रीजवरचा फोन सरकत सरकत बरणीला टेकला. टिर्रर्र. टिंबूच्या आईने तो वाजू दिला. मावशी असणार, आणि हळूताईच्या सुखरूप प्रवासासाठी साखळी चालू करू का, असं विचारणार. बरणी वाजून वाजून थांबली.

सगळे टेबलाशी बसले. टिंबूला दुपारीच सांगून झालं होतं, की हळूताई तिच्या घरी गेली, आता येणार नाही. टिंबूने फार काही विचारलं नव्हतं. ती नळ्या एकात एक खोचत बसली होती.

"चल टिंबू," आई म्हणाली. "आज आपण हळूताईसाठी प्रार्थना करू या."

टिंबूने आपले दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले.

"नको."

"का गं?"

टिंबूने आजीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, ओट्यावरच्या पातेल्यांकडे पाहिलं. मग आईकडे वळून ती म्हणाली, "आधी सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, म्हणूनच ती गेली ना?"